दुकानाचा हिशेब लवाद करेल, पोळ्याचं काय करता?

पत्र आधी देते, लांब होतं म्हणून कापून:

"वकीलबाई, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, वय ३९. आम्ही दोन भाऊ, एक बहीण, ती यवतमाळले दिली. २०१३ मध्ये आम्ही दोघा भावांनी तालुक्याच्या गावी कृषी केंद्र टाकलं, पार्टनरशिप डीड आहे, अर्धा-अर्धा हिस्सा. दादा दुकान पाहते, मी घरची १४ एकर शेती पाहतो. वडील २०२१ ले गेले, सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघं अन बहीण अशी वारसाची नावं लागली. दुकानाचा हिशेब मले तीन वर्षांपासून भेटला नाही. माझ्या अंदाजानं ११ लाख माझे निघतात. दादा म्हणते उधारीच वसूल नाही त देऊ कुठून. इकडे त्याचा पोरगा पुण्याले शिकून राहिला, फी दुकानातूनच जाते. डीडमध्ये लिहून आहे का वाद झाला त दुकानाच्या सीए साहेबांनी लवाद म्हणून निकाल द्यावा, पण ते त दादाचेच माणूस. दोस्त म्हणतात पोलिसात चारसोबीस टाक. सरपंच म्हणतात तंटामुक्तीत बसू. साळा म्हणते सरळ दावा ठोक. आई म्हणते मी जित्ती आहे तोवर वाटणीचं नाव काढू नोका. अन यंदा पोळ्याले त हद्द झाली. दरवर्षी तोरण तुटलं का जोडी पहिले जुन्या घरी, आईच्या दारात नेतो. दादा बैलाचे पाय धुते, वहिनी पूजा करते, दादा बोजारा (पोळ्याचा मान म्हणून पैसे) देते. यंदा गेलो त दार लोटलेलं. दहा मिनिटं उभा होतो, सारा गाव पाहून राहिला होता. आतून आईचा आवाज येत होता. कोणी आलं नाही. लवाद अन मध्यस्थी एकच असते काय? मी कुठं जाऊ?"

भाऊ, पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन ओळी मोजत वाचलं, ती माझी कोर्टातली जुनी खोड आहे. ११ लाखांवर तुमच्या दोन-तीन ओळी आहेत अन पोळ्यावर मागचं अख्खं पान, शिंगांना कोणता रंग दिला अन झुलीचे आरसे कुठून आणले इथपर्यंत (ते मी वर कापलं, माफ करा). हे टोमणा म्हणून नाही सांगत. तुम्ही कुठं जावं याचं अर्धं उत्तर त्या मोजणीत आहे म्हणून सांगते, पण आधी कायद्याचं उरकून घेऊ.

लवाद अन मध्यस्थी एक नाही. लोक दोन्हीला "पंच बसवणं" म्हणतात तिथंच घोळ होतो. लवाद म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून नेमलेला खाजगी न्यायाधीश समजा. तो दोघांचं ऐकतो, कागद पाहतो अन निवाडा देतो, तो निवाडा तुम्हाला आवडो न आवडो बांधतो, कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची वसुली होते, अन त्याच्यावर अपील असं नसतेच, १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांच्या आत फार मोजक्या कारणांवर तो रद्द मागता येतो, "लवादाला हिशेब नीट समजला नाही" हे त्यातलं कारण नाही. मध्यस्थ मात्र काहीच ठरवत नाही. मी आमच्या तालुका कोर्टात मध्यस्थीला बसते, ४० तासांचं ट्रेनिंग घेतलं त्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तुमचं मत कोणी विचारलेलं नाही. मध्यस्थाकडे दोघं एकत्र बसतात, मग वेगळे-वेगळे बसतात, वेगळं बसून जे बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही, अन तिथं कबूल केलेलं उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. जमलं तर कागद होतो, नाही जमलं तर तुम्ही जिथं होते तिथंच, नुकसान दोन-चार चकरांचं.

आता तुमच्या सल्लागारांकडे येते. चारसोबीसवाल्या दोस्तांना चहा पाजा अन घरी पाठवा. ते चारसोबीसही आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते कलम ३१८ झालं. भागीदारांमधला हिशेबाचा वाद मुळात दिवाणी असतो, ठाणेदार दोन दिवस बसवून ठेवतील अन "कोर्टात जा" म्हणतील, अन तुमचा सख्खा भाऊ ठाण्याच्या बाकड्यावर बसलेला गावानं पाहिला की मग पुढची वीस वर्षं ना लवाद कामी येणार ना मध्यस्थ.

तंटामुक्तीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. आबा गृहमंत्री होते तेव्हा, अन त्या काळात धुऱ्याची (शेताच्या बांधाची), पांदण रस्त्याची, नाल्याच्या पाण्याची कितीतरी भांडणं गावातच मिटलेली मी पाहिली. ज्या गावची समिती अजून जागी आहे तिथं धुऱ्याच्या वादाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तुमचं दुकान खत-बियाण्याचं आहे ना. मग मला सांगा, समितीत बसणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांची नावं तुमच्या उधारीच्या वहीत आहेत? जो पंच दुकानाचे साठ हजार देणं आहे तो "वही उघडा, वसुली करा" असं कोणत्या तोंडानं म्हणेल? त्याला तर भावा-भावांचं भांडण जितकं लांबेल तितकं बरं, कारण दोघं भांडत आहेत तोवर उधारी मागायला कोणी येत नाही. दुकानाचा विषय म्हणून गावात बसवू नका. अन समितीसमोर झालेला कागद हा तुमच्यातला साधा करार असतो, त्याला आपोआप कोर्टाच्या हुकूमनाम्याचं वजन येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

साळेबुवांचं "दावा ठोक" हे तर दोन ठिकाणी अडकते. एक, तुमच्या डीडमध्ये लवादाचं कलम आहे, तुम्ही दावा टाकला की दादाचे वकील पहिलं उत्तर देण्याआधी लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज टाकतील अन कोर्ट तुम्हाला लवादाकडे पाठवेल, गेलेली फी अन गेलेले महिने वर. दोन, भागीदारीच्या कराराचा वाद हा २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्यानुसार व्यापारी वाद धरला जातो, ३ लाख किंवा त्यावरची रक्कम असेल अन कोर्टाची तातडीची मनाई वगैरे नको असेल तर कलम १२अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हे सक्तीचं आहे असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे ज्या मध्यस्थीला टाळून साळेबुवा पुढं पळून राहिले ती दारातच उभी आहे.

लवाद. इथं तुमची शंका बरोबर आहे. दुकानाचे सीए म्हणजे फर्मचे सल्लागार, वर्षानुवर्षं फी घेतलेली, हिशेबही त्यांनीच केलेला, अन आता त्याच हिशेबावर निकाल त्यांनीच द्यायचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्यात सातवी अनुसूची आली, त्यात पहिलाच मुद्दा आहे की पक्षकाराशी नोकरी, सल्ला किंवा धंद्याचा संबंध असलेला माणूस लवाद होऊ शकत नाही. डीड २०१३ चं असलं तरी तुमचा वाद आत्ताचा आहे. वाद उभा झाल्यावर दोघांनी मिळून लेखी लिहून दिलं की "आम्हाला हेच चालतात" तरच ते बसू शकतात. तेव्हा असा कोणताही कागद समोर आला, "फक्त फॉर्मॅलिटी आहे, सही करा" असं कोणी म्हटलं, तर सही करू नका, एवढं एक कडक सांगते. सीए गेले म्हणून कलम जात नाही. दोघांनी मिळून दुसरा माणूस निवडायचा, नोटीस दिल्यावर ३० दिवसांत जमलं नाही तर आपल्याकडे नागपूर खंडपीठात अर्ज करून नेमून घ्यायचा.

खर्च सांगते, कारण तो कोणी आधी सांगत नाही. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लवादाच्या फीचा एक नमुना दिला आहे. ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५ हजार, त्याच्यावर २० लाखांपर्यंत वरच्या रकमेचे साडेतीन टक्के. तुमचे ११ लाख म्हणजे ४५ हजार अधिक ६ लाखांचे २१ हजार, झाले ६६ हजार, अन लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी पंचवीस टक्के, म्हणजे ८२ हजार ५००. ही नमुन्याची फी आहे, आपसात कमी ठरवता येते, पण अंदाज यावा. वकिलांचं वेगळं. वेळ म्हणाल तर दोघांचं लेखी म्हणणं पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा, दोघांची संमती असेल तर आणखी सहा. दिवाणी दाव्याशी तुलना केली तर हे लवकरच म्हणायचं.

पण लवाद तुमच्या भांडणाच्या अर्ध्याच भागाला हात लावू शकतो. डीडवर सह्या कोणाच्या? तुमची अन दादाची. डीड कशाचं? दुकानाचं. १४ एकरात आई आहे, बहीण आहे, त्या दोघींनी कुठं लवाद मान्य केला? लवाद दुकानाचा हिशेब पैशापर्यंत लावून देईल अन शेती, आई, जुनं घर सगळं तसंच बाहेर राहील, उलट दुकानात हरलेला माणूस शेतात वचपा काढेल.

म्हणून माझा सल्ला असा की लवादाचं कलम खिशात राहू द्या, ते कुठं पळत नाही, आधी सगळं गाठोडं एकत्र मध्यस्थीला न्या. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असते, तिथं साध्या कागदावर अर्ज द्यायचा की आमचा दाखलपूर्व (दावा टाकायच्या आधीचा) वाद आहे, मध्यस्थीला घ्या. त्याला कोर्ट फी नाही. मग ते दादाला, आईला, बहिणीला बोलावणं पाठवतात. ते बोलावणं आहे, समन्स नाही, न येणाऱ्याला कोणी धरून आणत नाही. पण वकिलाची लाल शाईची नोटीस घरी येणं अन कोर्टातून "बसून बोलू" असं पत्र येणं यात फरक पडते, माझा अनुभव आहे. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर आहे, काही अडलं तर तिथं विचारा. आई अन बहिणीला पुढं वकील लागला तर तो मोफत भेटतो, बाईमाणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही.

जायच्या आधी दोन कामं करा. पहिलं, दुकानाची पुस्तकं पाहा. पार्टनरला फर्मच्या वह्या पाहायचा अन त्यांची नक्कल घ्यायचा हक्क आहे, १९३२ च्या भागीदारी कायद्यात कलम १२ मध्ये सरळ लिहिलं आहे, तीन वर्षं तुम्ही "भेटला नाही" म्हणून बसले पण लेखी मागितला काय? पत्रात तसं दिसत नाही. एक साधं पत्र द्या, शिवीगाळ न करता: रोजकीर्द, खातेवही, स्टॉक रजिस्टर, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचं स्टेटमेंट, जीएसटीची विवरणं. दुसरं, रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर "आजपासून पार्टनरशिप खतम" असलं काही टाकू नका. डीडमध्ये मुदत नसेल तर एका पार्टनरच्या लेखी नोटिशीवर फर्म मोडू शकते, अन फर्म मोडली की बँक सीसी लिमिटचं विचारते, खत-बियाणं-औषधाच्या परवान्यांचा प्रश्न येते, अन हिशेबाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदतही तिथूनच मोजायला लागते. मोडायची तर ठरवून मोडा.

अन आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. तुम्ही दुकानाचा तीन वर्षांचा हिशेब मागाल, दादा त्याच टेबलावर म्हणेल, शेतीचा दे. २०२१ पासून १४ एकरातलं सोयाबीन, तूर, कपाशी कुठं विकली, कोणाच्या खात्यात गेली, आईच्या हातात किती दिले, बहिणीला किती? पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. मी म्हणत नाही की तुम्ही खाल्ले, शेतीत काय उरते ते मलाही माहीत आहे, माझ्या माहेरी अजून कपाशीच आहे. पण बियाणं-खताचं बिल, मजुरी, सालदाराचं साल, बाजार समितीच्या पट्ट्या, जे असेल ते गोळा करून न्या. ज्याच्याकडे स्वतःचा हिशेब तयार असतो त्याला दुसऱ्याचा मागताना आवाज चढवावा लागत नाही.

उधारीवर थोडं थांबते, कारण कृषी केंद्राच्या वाटणीत खरी माती तिथंच होते. जूनमध्ये माल द्यायचा, दिवाळीला सोयाबीन-कापूस निघाला की वसूल करायचा, एखादं वर्ष गेलं की ती उधारी पुढच्या पानावर. कागदावर २२ लाख येणं दिसते अन तुम्ही म्हणता अर्धे माझे. दादा म्हणते वसूलच नाही. दोघंही आपल्या जागी खरं बोलत असता. आम्ही अशा वेळी वही उघडून नावानिशी तीन ढीग करायला लावतो: पक्की, लटकलेली, बुडीत. पहिल्या ढिगाचे पैसे आत्ता धरायचे. दुसऱ्याचे जेव्हा येतील तेव्हा अर्धे-अर्धे, अन वसुलीला कोण फिरणार तेही लिहायचं, फिरणाऱ्याला काही टक्के द्यायचे असतील तर तेही. तिसऱ्यावर रेघ मारायची. एकदा असंच दोन पार्टनर सकाळी दहाला बसले, एकेक नाव वाचत होते, अन चौथ्या-पाचव्या पानावर एक नाव आलं तसे दोघंही एकदम हसले, "हा? हा त बापालेही देत नाही," अन दोघांनी एकाच वेळी पेन उचललं. त्या दिवसापर्यंत ते एकमेकांकडे पाहतही नव्हते. मालाचंही असंच, कीटकनाशकाच्या बाटल्यांवर मुदत असते, गोडाऊनमध्ये मुदत संपलेला माल किती हे मोजल्याशिवाय स्टॉकचा आकडा मान्य करू नका. पुण्याच्या फीचा विषयही इथंच, दादाच्या उचलीत धरायची का ते ठरवून टाका, मनात ठेवू नका.

बहीण. ती म्हणत असेल "मले काही नको, मले फक्त माहेर पाह्यजे," बहुतेक बहिणी असंच म्हणतात, अन भाऊ लगेच हक्कसोडपत्राचे कागद तयार करतात. असं करू नका. मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे, महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला, देशभर २००५ ला झाला, अन वडील आधी गेले का नंतर याचा फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलं. तिला वगळून केलेली शेतीची कोणतीही तडजोड कच्ची आहे, उद्या तिनं नाही तर तिच्या पोरांनी ओढली तर उसवते. तिला टेबलावर बसवा, तोंडानं बोलू द्या, अन मग तिनं ठरवावं घ्यायचं का सोडायचं. तिचा दादावर काही प्रभाव असेल तर पहिला फोनही तिलाच करा, पण माझी बाजू घे म्हणून नाही, फक्त ये म्हणून.

आई म्हणते जित्ती आहे तोवर वाटणी नको. ते ऐका. मध्यस्थीत वाटणीच व्हायला पाहिजे असा नियम नाही, कोर्टात दावा टाकला की कोर्टाला वाटणी द्यायची किंवा नाकारायची असे दोनच रस्ते असतात, इथं "आईच्या हयातीत सातबारा एकत्र, वहिवाट अशी-अशी, आईला दर महिन्याला एवढे, दवाखाना दोघांनी अर्धा-अर्धा" असंही लिहिता येते.

लिहिण्यावरून माझीच एक चूक सांगते. नवीन होते तेव्हा दोन भावांची सामायिक विहीर होती, एकच मोटार, अन तुम्हाला माहीतच आहे लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्रीची. दिवसभर बसून दोघं रडले-बिडले, गळ्यात पडले, अन मी भारावून जाऊन लिहिलं, "उभयतांनी समजुतीने पाणी घ्यावे." हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला दोघं परत हजर, एकाच्या डोक्याला टाके. समजूत असती तर माझ्याकडे आलेच कशाला असते! दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा सोमवार-मंगळवार-बुधवार थोरला, गुरुवार-शुक्रवार-शनिवार धाकटा, रविवार आठवड्याआड, मोटार जळाली तर वाइंडिंगचं बिल दाखवून खर्च अर्धा, पेटीची चावी दोघांकडे एकेक. तो कागद अजून चालू आहे. तुमच्या कागदात "लवकरच", "योग्य तो", "समजुतीने" असे शब्द दिसले की वकिलाला थांबवा अन तारीख अन आकडा लिहायला लावा. हप्ता चुकला तर काय, हेही त्यातच.

कागद झाला की तो तसाच पेटीत ठेवू नका. दुकानापुरती तडजोड लोकन्यायालयात ठेवा, वर्षातून साधारण चारदा राष्ट्रीय लोकन्यायालय भरते, दाखल नसलेलं प्रकरणही त्यात घेतात, अन तिथला निवाडा १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो. त्याच्यावर अपील नाही. म्हणून सही करायच्या आदल्या रात्री घरी बसून बायकोला सगळा मोठ्यानं वाचून दाखवा, हे मी गमतीनं सांगत नाही, बायका आकड्यातली चूक पटकन पकडतात, अन तिला मान्य नसलेला कागद घरात टिकत नाही. दादालाही हेच सांगा. शेतीचं पुढे कधी वाटायचं ठरलं तर वाटणीपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नाहीतर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज करा, मग फेरफार. नुसत्या स्टँपवर घरी लिहिलेली वाटणी तलाठ्याच्या टेबलावरून परत येते.

अन सगळं करूनही दादा आलाच नाही, किंवा आला अन वही उघडलीच नाही, तर मग लवादाची नोटीस द्या, तटस्थ माणूस सुचवा, एखादे निवृत्त न्यायाधीश किंवा अमरावती-अकोल्याचा तुमच्या दोघांशी संबंध नसलेला सीए. तेव्हा मी अडवणार नाही. फक्त मागणी दुकानापुरतीच ठेवा.

आता पोळा. लवादासमोर तुम्ही त्या लोटलेल्या दाराचं सांगायला लागलात तर ते सभ्यपणे म्हणतील, मुद्द्यावर या. मध्यस्थीत तोच मुद्दा आहे. एकत्र बसाल तेव्हा लगेच काढू नका, वेगळं बसवतील तेव्हा मध्यस्थाला सांगा, जसं मला लिहिलं तसं, शिंगांच्या रंगासकट. अन त्यांना सांगा की हे दादाला विचारलं तरी चालेल. तुम्ही गृहीत धरलं की दार मुद्दाम लोटलं. असेलही. पण आतून आईचा आवाज येत होता असं तुम्हीच लिहिलं, ती काय म्हणत होती ते लिहिलं नाही, अन मला वाटते तुम्हाला ते नीट ऐकूच आलं नसेल, बाहेर डफडं चालू असेल. तिलाही बोलवून घ्या, पहिल्याच तारखेला. गुडघ्याचा त्रास असेल अन जिना चढता येत नसेल तर अर्जात तसं लिहा, खालच्या खोलीत बसवतात.

हंगाम पाहून अर्ज करा. सोयाबीन काढणीच्या ऐन गर्दीत तुम्ही येणार नाही अन दुकानात वसुलीची धावपळ असेल तर दादा येणार नाही, तेव्हा दिवाळी अन तुरीच्या मधले दिवस बघा. बाकीचं दोघांचं पाडव्याआधी ठरलं तर सालदारही नवीन हिशेबानं ठेवता येईल. अर्ज दोन प्रतीत न्या अन एकीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घ्या, आमच्याकडे कागद हरवतात, मी आतली माणूस आहे म्हणून सांगते.